आईला वाचून न दाखवलेली गोष्ट

आमच्या घरी सकाळी सातपासून दहापर्यंत कोणी कोणाशी फारसं बोलत नसे, कारण बोललेलं ऐकूच येत नसे. स्वयंपाकघरात दोन स्टोव्ह एकदम पेटलेले असत. त्यांची फरफर, पोळपाटावर फिरणाऱ्या लाटण्याची टकटक, मागच्या मोरीत एकावर एक पडणारी ताटं, आणि पुढच्या खोलीत सतरंजीवर ओळीने जेवायला बसलेल्या मुलींचा कलकलाट. कर्वेनगरात तेव्हा आजच्यासारखी सोसायट्यांची दाटी नव्हती. कॉलेज होतं, वसतिगृहं होती, आणि मधूनच ज्वारीच्या शेतांचे तुकडे होते. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुलींना वसतिगृहाचं जेवण नकोसं झालं की त्या आमच्याकडे यायच्या. आई खानावळ चालवायची. दारावर पाटी नव्हती, पण शेंगदाण्याची आमटी आणि दोडक्याच्या शिरांची चटणी यांनी पाटीचं काम केलं होतं. आई चपाती म्हणायची, अण्णा पोळी म्हणायचे, आणि मी ज्याच्याशी बोलत असेन त्याचा शब्द वापरायचे.

ही आई माझी दुसरी आई. पहिली मला आठवत नाही. ती भिंतीवरच्या फोटोत होती आणि दसऱ्याला तिला झेंडूचा हार घातला जाई, तोही ही आईच घालायची. ती अण्णांशी लग्न करून घरात आली तेव्हा मी तीन वर्षांची होते. तिचंही ते दुसरं लग्न होतं. पहिलं सासर लोणी काळभोरचं, नवरा विहिरीचं काम करताना गेला, एवढंच मला लहानपणी माहीत होतं. तिचं नाव सुमन. ती चौथीपर्यंत शिकलेली होती, वाचायची अक्षर लावून लावून, पण ऐकायची मात्र असं की सांगणाऱ्याला घाम फुटावा.

मी अकरावीत असताना मराठीला जोगबाई होत्या. उंच, काटकुळ्या, आणि कौतुक करण्याच्या बाबतीत अतिशय काटकसरी. माझा एक निबंध त्यांनी वर्गात परत दिला आणि म्हणाल्या, "यात चंद्र आहे, मोगरा आहे, कोकिळा आहे. तिघांचीही तब्येत उत्तम दिसते. तू कुठे आहेस?" वर्ग हसला. तास संपल्यावर मी त्यांच्यामागे गेले आणि लिहायला शिकायचं असेल तर काय करावं असं विचारलं. त्या चालता चालता म्हणाल्या, "रोज एक पान लिही. आवडो न आवडो. मला दाखवू नकोस, मला वेळ नाही." चार पावलं जाऊन त्या थांबल्या. "महिन्यातून एक पान दाखव. तुला सगळ्यात वाईट वाटेल ते."

अण्णा कचेरीत कारकून होते. ते वापरून झालेले पाठकोरे कागद घरी आणू लागले. एका बाजूला जांभळ्या कार्बनमध्ये कसली कसली स्मरणपत्रं, आणि दुसऱ्या बाजूला माझं पान. मी ते स्वयंपाकघराच्या दाराशी, तांदळाच्या पालथ्या डब्यावर बसून लिहायचे, कारण दुसरीकडे कुठे जागाच नव्हती. मुली जेवून गेल्या, स्टोव्ह विझले, की घरात अशी शांतता यायची की कानात गुणगुणल्यासारखं व्हायचं. त्या शांततेत आई संध्याकाळसाठी कणीक मळायला घ्यायची आणि म्हणायची, "वाच."

आईला साहित्यातलं काही कळत नाही अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती. मी एका बंगल्यातल्या दुःखी तरुणीची गोष्ट लिहिली होती. ती सारखी पियानो वाजवायची. आईने विचारलं, "तू पियानो बघितलायस?" नाही म्हटलं. "मग तिला पेटी वाजवू दे." दुसऱ्या एका पानात एक म्हातारी ढसाढसा रडली. आई म्हणाली, "म्हाताऱ्या बाया तशा रडत नाहीत गं. त्या हातातलं भांडं पुसत बसतात." मला राग यायचा. पण दुसऱ्या दिवशी मी त्या म्हातारीच्या हातात भांडं दिलं आणि ते पान मी तीनदा वाचलं. प्रत्येक पानानंतर तिचा एकच प्रश्न असायचा, हे तू पाहिलंयस का. पाहिलं नसेल तर ती पुढे ऐकायची, पण तिचे हात जोरात चालायला लागायचे.

दोन वर्षं असं चाललं. मी मासिकांना कथा पाठवायचे, त्या "साभार परत" असा शिक्का घेऊन यायच्या. पाकिटावर माझ्याच अक्षरात माझा पत्ता असायचा, त्यामुळे पोस्टमनच्या हातात पाहूनच कळायचं. आई लांबून विचारायची, "आलं?" आलं म्हटलं की त्या दिवशी माझ्या ताटात भाजी जास्त पडायची, आणि त्याबद्दल कोणी बोलायचं नाही. मी परत लिहायचे. परत पाठवायचे. हळूहळू एक गोष्ट झाली: वाक्य कुठे खोटं पडतंय हे मला आईने विचारायच्या आधी कळू लागलं. जोगबाईंना महिन्याचं वाईट पान दाखवताना शोधावं लागू लागलं.

आता मी बिबवेवाडीत राहते. इथल्या वाचनालयात महिन्यातून एकदा तरुण मुलंमुली लिहिलेलं वाचायला जमतात आणि मला बोलावतात. मागच्या वेळी एका मुलीने विचारलं, "मॅम, तुम्ही लिहिण्याचा कॉन्फिडन्स कसा बिल्ड केला?" मी सांगितलं, रोज एक पान. तिने ते फोनमध्ये टिपून घेतलं. ते खरंच आहे, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं पाच मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं.

दरवर्षी चैत्रात लोणीच्या ग्रामदैवताची जत्रा असायची. आई मला घेऊन जायची, अण्णा यायचे नाहीत. एसटीने हडपसर मागे टाकलं की आईचं बोलणं बंद व्हायचं. त्या आधीचा महिनाभर ती शिवणाच्या मशीनवर बसायची आणि माझ्या मापाने दोन फ्रॉक शिवायची, एक मला आणि एक "ओळखीच्यांच्या मुलीला". जत्रेत आम्ही देवळामागच्या पाराशी उभ्या राहायचो. तिथे एक बांगडीवाला बसायचा, त्याच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता, तरी तो लहान मुलींच्या हातात इतक्या अलगद बांगड्या चढवायचा की बघत राहावं. थोड्या वेळाने एक ठसठशीत बाई यायची, हनुवटीवर गोंदण असलेली, आणि तिच्या बोटाला धरून माझ्याएवढी एक मुलगी. ती बाई मुलीला बांगड्या भरायला बसवायची आणि उगाच रंग बदल, माप बदल करत वेळ काढायची. आई बघत राहायची. मी आईचा पदर ओढून पाळण्याकडे चल म्हणायचे. ती "हो, हो" म्हणायची आणि बघत राहायची. मग ती बाई आमच्याकडे न बघता आईने पारावर ठेवलेली फ्रॉकची पिशवी उचलायची आणि मुलीला घेऊन निघून जायची. परतीच्या एसटीत आई खिडकीकडे तोंड करून बसायची. मी हातातली रेवडी खात बसायचे.

ती मुलगी कोण, हे मला अण्णांनी सांगितलं, मी दहावीची परीक्षा दिली त्या सुट्टीत. शालन. आईची पहिल्या लग्नाची मुलगी. नवरा गेला तेव्हा ती दीड वर्षाची होती. माहेरच्यांनी आईचं दुसरं लग्न ठरवलं तेव्हा सासरच्यांनी सांगितलं, तू जा, आमच्या घराण्याची मुलगी इथेच राहील. थोरल्या जाऊला मूलबाळ नव्हतं, तिने तिला वाढवलं. शालनला तीच आपली आई वाटत होती. घरातल्या पुरुषमाणसांनी आईला गावात पाऊल ठेवायचं नाही म्हणून बजावलं होतं, पण जाऊ वर्षातून एकदा जत्रेत, कोणाला न सांगता, मुलीला पाराशी घेऊन यायची. "आईला यातलं काही विचारायचं नाही," अण्णा म्हणाले. "तिने सांगितलं तर ऐकायचं."

मी विचारलं नाही. मी लिहिलं.

किती वेळा लिहिलं ते आठवत नाही. पहिली काही पानं आईची दया करणारी होती, ती मी फाडली. मग एके दिवशी, डब्यावर बसल्या बसल्या, मी गोष्ट त्या दुसऱ्या मुलीच्या तोंडून लिहायला घेतली, जिला सोबत म्हणून नेलं जातं, जिच्याबरोबर असलेल्या बाईवर कोणाला संशय येत नाही, आणि जिच्याकडे जत्रेत कोणी बघत नाही. हात थांबेना. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणता शब्द पुढे येणार ते शोधावं लागलं नाही. अंगठा नसलेला बांगडीवाला आला, पार आला, गोंदण आलं, एसटीतला डिझेलचा आणि घामाचा वास आला. सगळी नावं मी बदलली आणि मला वाटलं, झालं. जाऊचं काम मी फार थोडक्यात उरकलं: दुसऱ्याचं मूल हिसकावून घेतलेली आणि वर्षातून एकदा ते मिरवायला आणणारी बाई. ते वाक्य मला विशेष आवडलं होतं.

त्या काळात माझी प्रत्येक ओळ आईने आधी ऐकलेली असायची. ही एकच गोष्ट मी तिला वाचून दाखवली नाही. ती "वाच" म्हणाली की मी जुनी पानं काढायचे. जोगबाईंना मात्र दिली. त्यांनी ती माझ्यासमोरच वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे खरं आहे का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मग उत्तमच आहे," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "यात तू आहेस." त्या एका वाक्यावर मी घरापर्यंत जवळजवळ पळत आले.

रेडिओवर तरुणांसाठी रविवारी सकाळी एक कार्यक्रम असायचा. तिथे कथा पाठवली आणि पंधरा दिवसांत ध्वनिमुद्रणाला बोलावणं आलं. जाड पडद्यांच्या खोलीत मी एकटी बसले आणि काचेपलीकडच्या माणसाने हात खाली केल्यावर वाचू लागले. माझा आवाज हलला नाही. मला त्या वेळी आई आठवली नाही, शालन आठवली नाही. फक्त वाक्यं दिसत होती आणि ती एकामागून एक बरोबर पडत होती. त्या वीस मिनिटांइतका निःशंक आनंद मला लिहिण्याने पुन्हा कधी दिला नाही, आणि हे लिहिताना आजही लाज वाटते.

कथा कशाबद्दल आहे असं आईने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "असंच, एका जत्रेबद्दल." ती जरा थांबली आणि म्हणाली, "बरं."

रविवारी तिने गोडाचा शिरा केला होता. खानावळीतल्या सगळ्या मुली आल्या होत्या. सांगलीची विजया, जी सगळ्यात मोठ्याने बोलायची, तिने रेडिओ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आणून ठेवला, काकूंना नीट ऐकू यावं म्हणून. एक स्टोव्ह बंद केला. दुसऱ्यावर तवा होता. माझं नाव सांगितलं गेलं तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि आईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, असं पाहिलं की ते मी अजून विसरलेले नाही. मग माझा आवाज आला.

गोष्टीतल्या एसटीने शहर मागे टाकलं, त्यातल्या आईचं बोलणं बंद झालं, आणि आईला कळलं. मला ते दिसलं. तिचं लाटणं थांबलं नाही. ती लाटत होती, तव्यावर टाकत होती, उलटत होती, एक चपातीही करपली नाही. अण्णा दारात उभे होते, ते आधी माझ्याकडे आणि मग जमिनीकडे बघू लागले. रेडिओतली मुलगी म्हणत होती की तिने त्या जत्रेत एकदाही पाळण्यात बसून पाहिलं नाही, कारण तिच्या आईला तिच्याकडे बघायला सवड नव्हती. कोणीतरी हुंदका दिला. बार्शीकडची एक हळवी मुलगी होती ती. गोष्ट संपली. मुली माझ्या गळ्यात पडल्या. आईने चपात्यांची दुरडी पुढे सरकवली आणि विचारलं, "अजून कोणाला हवी का?"

मुली गेल्यावर ती कणीक मळायला बसली नाही. तशीच बसली, भिंतीला टेकून. मी समोर जाऊन उभी राहिले.

"तुला तेव्हा तसं वाटायचं?" तिने विचारलं.

"हो."

"मला वाटायचं, तुला जत्रा आवडते."

ती पुढे म्हणाली, "दरवर्षी निघताना विचारायचे मी तुला, येतेस का. तू लगेच चपला घालायचीस." एवढंच बोलून ती उठली आणि उरलेला शिरा शेजारी द्यायला घेऊन गेली.

पुढे दहाबारा दिवसांनी भर दुपारी दार वाजलं. दारात काष्ट्याचं लुगडं नेसलेली, हनुवटीवर गोंदण असलेली बाई. जत्रेबाहेर मी तिला कधी पाहिलं नव्हतं आणि ती इतकी थकलेली असेल असं मला वाटलं नव्हतं.

"आक्का," आई म्हणाली. "आत या."

"आत येत न्हाई मी, सुमन."

"पाणी तरी घ्या."

"नगं." आक्काने दाराच्या चौकटीला हात टेकला. "पोरीला कळलंय. गावालाबी कळलंय. नावं बदलली म्हणून बांगडीवाल्याला अंगठा फुटतोय व्हय?" तिचा आवाज चढला नव्हता. "मालकांनी इचारलं, किती वर्सं चाललंय हे. मी सांगितलं. चवदा वर्सं त्यांच्या मागं तुला पोर दाखवली, म्हणून तुळशीवर हात ठिवून शपथ घ्याय लावली मला. आता तू यायचं न्हाई. मी आणायची न्हाई."

आईने विचारलं, "शालन कशी आहे?"

"जेवती. बोलत न्हाई."

"माझ्यावर राग आहे तिचा?"

"मला काय ठाव. माझ्याशीच बोलत न्हाई ती." आक्काची नजर आत माझ्यावर गेली. मी तांदळाच्या डब्याशी उभी होते. "ही का ती?"

"ही माझी नलू," आई म्हणाली.

आक्का माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती काहीतरी लागेल असं बोलेल. ती म्हणाली, "चांगलं सांगितलंस बाई. समदं डोळ्यापुढं आलं." आणि पायऱ्या उतरून गेली.

मी लिहिणं बंद केलं. अण्णा कागद आणत राहिले आणि ते कोनाड्यात साठत राहिले. त्या चैत्रात आई जत्रेच्या दिवशी नेहमीसारखी उठली, मशीनवर कापड नव्हतं, सकाळचं जेवण झालं, मुली गेल्या, आणि ती दुपारभर नुसती डाळ निवडत बसली. निवडून झालेली डाळ तिने परत ताटात ओतली आणि पुन्हा निवडली. मी तिच्याजवळ जाऊन बसले, तिने सरकून जागा दिली.

पावसाळा सरता सरता एके दुपारी तिने कोनाड्यातले कागद काढले आणि माझ्यापुढे ठेवले.

"लिही."

"नाही लिहायचं मला."

"का? माझ्यासाठी? माझं जायचं ते गेलं. तू आता लिहिली नाहीस, तर ते कशापायी गेलं म्हणायचं मी?" ती वळली आणि पाठमोरी असतानाच म्हणाली, "फक्त मला वाचून दाखवू नकोस."

मी लिहू लागले. रोज एक पान, परीक्षांत, लग्नानंतर, मुलांच्या आजारपणांत, अण्णा गेले त्या आठवड्यातसुद्धा. पुस्तकं झाली, लोक ओळखू लागले. आई माझ्या प्रत्येक पुस्तकाला प्लास्टिकचं कव्हर घालायची आणि कपाटात उभं करून ठेवायची. कोणी पाहुणा आला की दाखवायची. पण मी कधी सहज दोन ओळी मोठ्याने म्हटल्या, की ती काहीतरी आठवल्यासारखं करून उठून जायची. माझं कोणतं वाक्य खोटं आहे हे मला त्यानंतर कोणी सांगितलं नाही. परीक्षकांनी सांगितलं, संपादकांनी सांगितलं, पण कणीक मळता मळता कोणी सांगितलं नाही. आई गेली तेव्हा मी पन्नाशीत होते. शेवटच्या आजारात तिची उशी सारखी करताना मी विचारलं, काही वाचू का. तिने मान हलवली, नको.

त्यानंतर दीड वर्षाने प्रकाशकांकडून नंबर मिळवून एका बाईचा फोन आला. "मी शालन बोलतेय, लोणीवरनं," ती म्हणाली. "आक्का गेली मागच्या महिन्यात. आता तुम्ही आलात तरी चालेल."

मी गेले. लोणी ओळखू येत नव्हतं. महामार्गाला लागून कॉलेजं, दुकानं, मजल्यांवर मजले. शालनचं घर आक्काच्या घरापासून चार दारं सोडून होतं. ती माझ्याच वयाची, ठसठशीत, केस पूर्ण पांढरे. मी तिच्या चेहऱ्यात आईला शोधत होते आणि ते तिला कळत होतं. तिने चहा केला, पोहे केले. मग ती बसली आणि म्हणाली, "गोष्ट मी त्याच दिवशी ऐकली होती. गावाकडनं नाही कळलं मला. मी आणि आक्का शेंगा फोडत बसलो होतो, रेडिओ चालू होता. बांगडीवाला आला तर मला हसू आलं, म्हटलं, आपल्याच गावचा दिसतोय. मग आक्काकडे बघितलं. ती रेडिओ बंद करायला उठली होती. मी म्हटलं, राहू दे."

"मग तुम्ही कधी आला का नाहीत?" मी विचारलं. "आई बत्तीस वर्षं होती त्यानंतर."

"आक्का होती ना." तिने हे असं सांगितलं की त्यात सगळं आलं. तरी ती पुढे बोलली. "लग्नसुद्धा तिने चार दारांवर लावलं, डोळ्यापुढे राहावं म्हणून. संध्याकाळी दिवा लागला की येऊन बघून जायची, मी घरात आहे का. मी पुण्याला गेले असते तर ती जगली नसती. आणि तुम्ही तिला गोष्टीत चोर केलंत. तिने दाखवलं नसतं, तर कोण तिला विचारणार होतं? सगळ्यांच्या शिव्या खाऊन ती मला पाराशी न्यायची."

मी म्हटलं, "हो." दुसरं काही खरं नव्हतं.

"परत लिहा," ती म्हणाली.

ते मी त्यानंतर कितीतरी वेळा लिहिलं. कधी आक्का फार थोर होते, कधी मी स्वतःला इतकी झोडपते की वाचणाऱ्याने मलाच समजावावं. हे आत्ताचं त्यातल्या त्यात कमी वाईट आहे. जोगबाईंना मी हे दाखवलं नसतं.

निघण्याआधी मी पिशवीतून आईचा फोटो काढून दिला. चाळिशीतला, खानावळीच्या मुलींनी काढलेला, आई दारात उभी आहे. शालनने चष्मा लावून तो खिडकीपाशी नेला आणि खूप वेळ पाहिला.

"मला ही बाई आठवत नाही," ती म्हणाली.

"दरवर्षी यायची. पाराशी उभी असायची."

"जत्रेत लई बायका असायच्या हो." ती परत येऊन बसली. फोटो मांडीवर होता. "त्यांनी माझ्या अंगाला हात लावला होता का कधी? बांगड्या भरताना वगैरे?"

मी हो म्हणू शकले असते. असं एखादं वाक्य खरं वाटेलसं करायची कला मी जन्मभर शिकले होते, आणि तिला ते हवं होतं.

"नाही," मी म्हटलं. "लांबूनच बघायची."

तिने मान हलवली. मग विचारलं, "किती लांबून?"

आकडा सांगून कळलं नसतं. मी उठले, तिच्या खुर्चीपासून दाराकडे चालत गेले, फ्रिजच्या जरा अलीकडे थांबले आणि वळले. "एवढ्या," मी म्हटलं.

शालनने फोटो बाजूला ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. मी परत यायला पाऊल उचललं.

"थांबा जरा तिथंच," ती म्हणाली.

मी थांबले.